१९९३ ची बुलेट आणि मागं आप्पा : गॅसचे शॉकअप बसवायचे आहेत, काय काय बघावं?

नंदगडकर ३५०

नमस्कार मंडळी. गाडी बुलेट स्टँडर्ड ३५०, १९९३ ची. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला. आप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले त्याच वर्षी मिलिटरी कॅन्टीनमधून घेतली. आईला मागं बसवून त्यांनी हिच्यावरनं सौंदत्तीची यल्लम्मा केली, मला आणि बहिणीला टाकीवर बसवून शाळेत सोडलं. आता आप्पांना ७३ वं लागलंय. हँडल माझ्याकडं आलंय आणि ते मागं बसतात.

महिन्यातून एकदा त्यांना बेळगावला ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, दाखवून औषधं आणावी लागतात. बसनं जाऊया म्हटलं तर ऐकत नाहीत. आपल्याच गाडीवरनं जायचं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच आवडतं. खानापूरपासून पुढं चौपदरी झाल्यापासून पोटातलं पाणी हलत नाही. अडचण आहे ती आमच्या गावापासून खानापूरपर्यंत. पावसाळा रस्ता खरवडून नेतो, आणि दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की उरल्यासुरल्या डांबराच्या चाकोऱ्या होतात.

मी एकटा असलो तर गाडी ठीक चालते. आप्पा बसले की मागचा भाग पार खाली बसतो. स्पीडब्रेकरवर खाडकन आपटते, आणि आपटून एकदा उठली की थांबत नाही, तीन-चार हेलकावे खाते. वळणावर मागनं कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं. डाव्या शॉकअपच्या स्टीलच्या कवराखाली तेल झिरपून त्यावर धूळ बसलीय, काळा लगदा झालाय. उजवा कोरडा आहे.

एका मेकॅनिकनं दोन्हीकडची खाच, म्हणजे स्प्रिंग कमी-जास्त दाबून ठेवायची खालची कडी, शेवटपर्यंत आवळून दिली. आपटणं जरा कमी झालं, पण गाडी दगड झाली. मागच्या खेपेला बेळगावात उतरल्यावर आप्पा सीटला धरून पाच मिनिटं तसेच उभे राहिले, कंबर सरळ होईना. बोलले काही नाहीत. फौजेतला माणूस, दुखतंय म्हणून सांगणार नाही. त्यांचा सीटवरचा हात बघून मी ठरवलं, आता शॉकअप बदलायचेच.

दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, नव्या बुलेटचे गॅसचे घाला, लांबीला जास्त आहेत, चासीचा वरचा कान, म्हणजे शॉकअप जिथं अडकतो तो तुकडा, कापून वेल्डिंग करून देतो. आप्पांच्या गाडीला गॅसकटर लावायला माझं मन धजत नाही.

न कापता गॅसचे बसतात का? लांबी किती जास्त चालते? आणि गॅसचे म्हणजे अजून कडक होणार काय? मला कडक नकोत. आप्पांच्या कमरेला सोसतील असे पाहिजेत.

उद्यमबागेतला टर्नर

दादा, चासी कापू नका. कान कापून परत वेल्ड मारला की तिथलं लोखंड पोळतं, आणि मागचा सगळा भार त्याच कानावर येतो. असे तुटलेले कान घेऊन लोक माझ्याकडं येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण करण्यासारखं थोडंच उरलेलं असतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बावीस वर्षं काम करतोय, जुन्या बुलेटच्या बुशा, म्हणजे पिन जिच्यात फिरते त्या नळ्या, हे आमचं दर आठवड्याचं काम. पहिल्यांदा माप घ्या. गाडी मेन स्टँडवर, चाक अधांतरी. वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्या बोल्टाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे शॉकअपचं खरं माप. शॉकअप काढून हातात असेल तर अजून सोपं. दोन्ही भोकं सारखी असली की वरच्या भोकाची वरची कड ते खालच्या भोकाची वरची कड मोजायची, मध्य शोधत बसायला नको. मग भोकाचा व्यास, रबराची रुंदी आणि स्प्रिंगचा बाहेरचा घेर. हा घेर लोक हमखास विसरतात. नवी स्प्रिंग जाड निघाली तर डावीकडं चेनकव्हरला नाहीतर उजवीकडं सायलेन्सरच्या पट्टीला घासते.

दुकानात जाताना जुना शॉकअप पिशवीत घालूनच जा आणि काउंटरवर नव्याशेजारी उभा करा. मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेला माल निम्म्या वेळा परत न्यावा लागतो.

लांबी १०-१२ मिमी जास्त असली तर मी बसवा म्हणेन. त्याच्यावर गेलं की मागचा भाग उचलला जातो, पुढचा फोर्क उभा होतो आणि हँडल हलकं, अस्थिर लागायला लागतं. शिवाय मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, मग पंक्चर काढताना पंचाईत.

भोक मोठं असलं तर काळजी नाही, स्लीव्ह, म्हणजे भोकात बसणारी बारीक नळी, लेथवर करून देतो. पण एक सांगतो ते नीट ऐका. रबरातली लोखंडी स्लीव्ह रबरापेक्षा अर्धा-एक मिमी लांब पाहिजे. नट आवळल्यावर तो स्लीव्हवर जाऊन बसला पाहिजे. रबरावर बसला तर रबर चेपतं, त्याला पिळायला जागा राहत नाही. मग चाक वर-खाली झालं की शॉकअपचा रॉड वाकडा ओढला जातो आणि सील एका बाजूनं खातं. तुमच्या डाव्याचं तेल बहुतेक असंच गेलंय. काढाल तेव्हा रबर बघा, कडेनं फुगून बाहेर आलेलं असेल.

आणि पैसे खर्च करायच्या आधी चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा आणि चासीला पिनेवर हलणारा दुहाती भाग, तपासा. वळणावर मागनं ढकलल्यासारखं वाटतं म्हणताय, ते शॉकअपचं लक्षण मला वाटत नाही. मेन स्टँडवर गाडी घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा. नुसतं चाक हललं आणि चिमटा जागेवर राहिला तर चाकाचं बेअरिंग. चाकाबरोबर चिमटाही हलला तर चिमट्याच्या बुशा गेल्या. बुशा गेलेल्या असताना कितीही भारी शॉकअप घाला, गाडी सरळ चालणार नाही.

संकेश्वर गॅरेज

टर्नर मामांनी मापाचं सांगितलंच आहे, मी आतलं सांगतो.

गॅसचा शॉकअप गॅसवर चालतो असा पुष्कळांचा समज आहे. भार स्प्रिंगच पेलते आणि स्प्रिंगला आवरायचं काम तेलच करतं, जुन्यातही आणि नव्यातही. आत एक पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि पातळ पट्ट्यांचे व्हॉल्व्ह. गाडी दबली की तेल त्या भोकांतनं जबरदस्तीनं पलीकडं जातं, तिथं उसळीचा जोर मोडतो आणि तेल तापतं. जुन्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर साधी हवा असते. दोन-चार किलोमीटर सलग खडखड झाली की हवा आणि तेल घुसळून फेस होतो, ताकासारखा. फेस भोकांतनं सहज निसटतो, अडवणारं काही राहत नाही. घरातनं निघताना बरी वाटणारी गाडी अर्ध्या वाटेवर डुलायला लागते ती यामुळं. गॅसच्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो. तेलावर कायम दाब असल्यामुळं बुडबुडे धरत नाहीत. गॅसचा फायदा मुख्यतः हाच.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कडक होणार की मऊ हे स्प्रिंग ठरवते.

आता खाचेबद्दल. खाच आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडी मागनं उचलली जाते. तुमच्या शॉकअपमधलं तेल संपलेलं, म्हणजे आवरणारं कुणी नाही, आणि स्प्रिंग आणखी दाबून ठेवलेली. खड्डा आला की ती माणसाला सरळ वर फेकणार. आप्पांच्या कमरेला लागलं ते हे. ती खाच आजच्या आज दोन घर खाली आणा. आपटेल थोडी, पण सावकाश चालवा. फेकण्यापेक्षा बरं.

यूसीई इंजिनच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या, क्लासिक ३५० ला मागं गॅसचे शॉकअप होते, ८० मिमी चाल (म्हणजे दबायची एकूण जागा) आणि पाच खाचा. त्या धर्तीचे बाजारात भरपूर मिळतात. बसवल्यावर खाच अंदाजानं लावू नका, आप्पांना बसवून मापानं लावा. मेन स्टँडवर बोल्ट ते बोल्ट माप घ्या. मग गाडी दोन चाकांवर उभी करून, मग तुम्ही एकटे बसून, मग दोघं बसून. दोघांच्या भारानं चालीचा साधारण तिसरा हिस्सा दबला पाहिजे, म्हणजे ८० मधले २५-३०. निम्म्याच्या वर दबली तर खड्ड्यासाठी काही उरत नाही. अजिबात दबली नाही तर खड्ड्यात चाक खाली सोडायला स्प्रिंगकडं काही नाही, तेही वाईट.

बसवताना एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू चिमटा धरून ठेवते, नाहीतर चाक धपकन खाली येतं आणि एकट्या माणसाला कान जुळवता येत नाहीत. बदलायचे ते जोडीनंच. एक नवा एक जुना चालवलात तर चिमटा पिळतो. आणि गॅसच्या शॉकअपला भोक पाडणं, तापवणं, उघडणं हे कुणी कितीही सांगितलं तरी करू नका. आत दाब आहे, जिवावर बेतेल.

चंदगडचा बुलेटवाला

पाव्हणं, माझा वेगळा अनुभव सांगतो. मी २५ मिमी लांबचे घातलेत, दोन वर्षं झाली. चंदगड ते बेळगाव आठवड्यातनं दोनदा येतो. खड्ड्यातनं झक्कास निघते, इंजिन खाली लागत नाही, गाडी उंच दिसते. एकट्यासाठी बेस्ट.

उद्यमबागेतला टर्नर

एकट्यासाठी असेल. पण इथं ७३ वर्षांचे आप्पा पाय टाकून मागं चढणार आहेत. सीट इंचभर वर गेली तर त्यांना आधी खांद्याला धरावं लागेल, मग पाय उचलावा लागेल. माझ्या वडिलांचं मांडीचं हाड गाडीवर चढतानाच पडून मोडलं होतं, गाडी उभी असताना. म्हणून सांगतो, उंची वाढवू नका.

येळ्ळूरची सून

माझे सासरे पण मागं बसतात म्हणून लिहिते. शॉकअपबरोबर सीट पण बघा. आमच्या गाडीच्या सीटचा फोम मध्ये बसून खड्डा झाला होता, रेक्झीन वरनं चांगलं दिसायचं म्हणून कुणाचं लक्षच नाही. मी अंगठ्यानं दाबून बघितलं तर खालची पत्र्याची कड हाताला लागली. नवीन घट्ट फोम भरून घेतला, तेव्हापासून सासऱ्यांची तक्रार निम्मी झाली. मागच्या फुटरेस्टचे रबर पण बदला, पाय नीट टेकला की कमरेवर भार कमी येतो.

नंदगडकर ३५०

सगळ्यांचे आभार. खाच त्याच संध्याकाळी खाली आणली. रविवारी चिमटा तपासला.

टर्नर मामा, तुमचं बरोबर निघालं. चाक धरून आडवं हलवलं तर अख्खा चिमटा चाकाबरोबर येत होता, आणि आतनं ठक्, ठक्. मुलगा टॉर्च धरून खाली बसला होता, तो म्हणाला बाबा फट उघडमिट होतेय. मी उकिडवा बसून बघितलं. चासी आणि चिमट्याच्या मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. या गाडीवर मी तीन वर्षं आप्पांना नेतोय आणि चाक धरून हलवायचं एकदाही मनात आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

चिमट्याची पिन निघता निघेना. दोन्ही बाजूंनी डिझेल सोडून रात्रभर ठेवली. सकाळी नट दोन आटे उलटा लावला, म्हणजे आटे मरू नयेत, आणि त्यावर बाभळीची ठोकळी धरून हातोडा. पंधरा-वीस घावांनी केसभर सरकली, मग आली. आतलं ग्रीस वाळून काळं मेण झालेलं, नखानं खरवडावं लागलं. पुसल्यावर दिसलं की बुश जिथं बसते तिथं पिनेला एकाच बाजूनं पायरी पडलीय. नख फिरवलं की अडकतं. वरची बाजू मात्र अजून निळसर चकाकते, नवी असताना होती तशी. आप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. त्यांनी पिन हातात घेतली, उन्हात धरून फिरवून बघितली आणि म्हणाले, "हिला ग्रीस मीच शेवटचं भरलं होतं, तू कॉलेजात होतास."

उद्या पिन आणि चिमटा घेऊन उद्यमबागेत येतो मामा. तुमच्या वर्कशॉपवर आलो तर चालेल ना?

उद्यमबागेतला टर्नर

या की. सकाळी लवकर या, दुपारनंतर लाईटचा भरवसा नाही. पिन नवीन करू. बुश दाबून बसवली की आतनं थोडी आवळते, म्हणून भोक दाबल्यानंतरच रीमरनं, म्हणजे भोक आतनं तासायच्या हत्यारानं, मापात घ्यायचं असतं, आधी नाही. तेवढा वेळ काढून या.

नंदगडकर ३५०

काम झालं. पंधरा दिवस आणि बेळगावच्या दोन फेऱ्या झाल्यावर लिहितोय. उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर.

मामांनी पिन आणि दोन्ही बुशा करून दिल्या. रीमर मारल्यावर पिन ग्रीस लावून हातानं आत गेली, अंगठ्याच्या जोरानं, कुठं अडकली नाही आणि हललीही नाही. चिमटा परत चासीला लावला, शॉकअप न लावता वर उचलून सोडला तर आपल्या वजनानं सावकाश खाली आला. मामा म्हणाले असाच यायला पाहिजे. धपकन पडला तर सैल, वरच अडकला तर आवळलेला.

शॉकअपसाठी जुना डावा पिशवीत घालून बाजारात गेलो. दुकानदारानं तीन जोड्या काढल्या. पहिली २५ मिमी लांब, चंदगडच्या पाव्हण्यांसारखी, ती बाजूला ठेवली. दुसरीची लांबी अगदी जुन्याएवढी होती पण स्प्रिंग इतकी जाड की चेनकव्हरला लागणार हे तिथंच दिसत होतं. तिसरी १२ मिमी जास्त, स्प्रिंग बारीक, मागं गॅसची छोटी नळकांडी. तीच घेतली, जोडीला साडेतीन हजार. तिच्या रबरातलं भोक आमच्या बोल्टापेक्षा ३ मिमीनं मोठं निघालं. मामांकडनं चार स्लीव्ह करून घेतल्या, रबरापेक्षा पाऊण मिमी लांब.

बसवलं मी घरीच, अंगणात. आधी उजवी बाजू, सायलेन्सरचा मागचा बोल्ट ढिला करून. मग डावी, साडीगार्ड काढून. एका वेळी एकच बाजू उघडली म्हणून खरंच कुणाची मदत लागली नाही. वरचा कान बसल्यावर खालचा जुळत नव्हता, १२ मिमी जास्त आहे ना. चाकाखाली लाकडाची फळी होती ती काढून घेतली, चाक खाली उतरलं आणि बोल्ट हातानं आत गेला. जुन्या डाव्याचं रबर मामांनी सांगितलं होतं तसंच होतं, दोन्ही कडांनी बाहेर फुगलेलं, एका बाजूनं चिरलेलं. आतली स्लीव्ह रबरापेक्षा आखूड होती. मागं कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच गाडीची घातली असणार. जुन्या बुलेटवर काम करताना पान्यांचा दोन्ही संच जवळ ठेवा. माझ्या गाडीवर काही नट इंची आहेत, काही मिमीचे, आणि जवळपासचा पाना लावला की कोपरे गोल होतात.

मेन स्टँडवर आधी चाकाखाली दोन बोटं जागा असायची, आता एक बोट राहते. चालतंय.

मग मोजमाप. संकेश्वरच्या मिस्त्रींनी सांगितलं तसं घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. बायको पट्टी धरून, मुलगा वहीत लिहून. कंपनीनं दिलेल्या पहिल्या खाचेवर: नुसती गाडी ८ मिमी दबली, मी बसल्यावर २२, आप्पा मागं बसल्यावर ४०. म्हणजे ८० मधली निम्मी चाल बसल्याजागीच गेली. माझं वजन ७४ किलो आणि आप्पांचं ६१. दोन खाचा वर घेतल्या. परत सगळे बसलो. मी एकटा १४, दोघं मिळून ३२. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त आहे, पण अजून एक खाच घेतल्यावर सीट थोडी उंच झाली आणि आप्पांना पाय टाकताना गुडघा वर घ्यावा लागला, म्हणून परत खाली आणली. आप्पांच्या पायाला जे सोयीचं तेच माप मी पक्कं केलं.

चेन आणि मागचा ब्रेक परत लावायला विसरू नका. शॉकअप लांब झाला की चिमटा खाली झुकतो आणि चेनचा ढील बदलतो. रिकाम्या गाडीवर ढील बरोबर दिसला होता, दोघं बसल्यावर मुलाला चेन हलवून बघायला सांगितली तर ताठ. पुढचं चेनचाक, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते, ढील तिथं धरायचा. तसा धरला. रिकाम्या गाडीवर आता थोडी लोंबते, पण तीच बरोबर आहे.

आता रस्त्यावरचं.

आमच्या शाळेपुढचा स्पीडब्रेकर सगळ्यांना माहीत आहे, नाव घेतलं की लोक कंबर धरतात. तिथं मी जुन्या सवयीनं पहिल्या गिअरवर आलो. मागचं चाक चढलं, खाली आलं, एकदा दबलं, एकदा उठलं आणि तिथंच राहिलं. हेलकावा नाही. मी वळून आप्पांकडं बघितलं तर ते शेतातल्या उसाकडं बघत होते. पुढं चाकोऱ्यांच्या पट्ट्यात गाडी सरळ रेषेत चालली, ते ढकलल्यासारखं होतं ते पूर्ण गेलंय. माझ्या मते ते सगळं श्रेय चिमट्याच्या बुशांचं. शॉकअप कितीही चांगले असले तरी ते काम त्यांच्यानं झालं नसतं.

आम्ही दर खेपेला खानापूरला थांबतो. चहा असतो, पण खरं कारण आप्पांना उतरून कंबर मोकळी करायची असते. या वेळी मी स्टँडजवळ गाडी बाजूला घ्यायला लागलो तर मागनं खांद्यावर थाप पडली, "चल पुढं, बेळगावातच घेऊ." कॅम्पात पोचल्यावर गाडी लावली. मी स्टँडवर घेईपर्यंत ते औषधांची फाइल घेऊन पायऱ्यांपर्यंत गेलेसुद्धा होते. येताना नातवासाठी कुंदा घ्यायला त्यांनीच सांगितलं.

अजून काय बाकी आहे तेही लिहितो. मी एकटा असताना गाडी पूर्वीपेक्षा थोडी टणक लागते, कारण खाच दोघांच्या भाराला लावलीय. धारदार कडेचा खड्डा आला तर धक्का अजूनही बसतो, शॉकअप तेवढं गिळत नाही. आणि येळ्ळूरच्या ताई, सीट दाबून बघितली, तुम्ही म्हणालात तशीच पत्र्याची कड हाताला लागली. पुढच्या आठवड्यात फोम भरून घेतो. फुटरेस्टचे रबर आणलेत.

संकेश्वर गॅरेज

मोजून लावलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडं येणारी गिऱ्हाईकं शॉकअप घालून घेतात आणि खाच बघायला थांबत नाहीत. दोन-तीनशे किलोमीटर झाले की चारही नट एकदा पान्यानं बघा, नवी रबरं बसतात तेव्हा थोडे सैल होतात. आणि चिमट्याला ग्रीस वर्षातनं दोनदा तरी, एकदा पावसाळा संपल्यावर नक्की.

चंदगडचा बुलेटवाला

वाचून बरं वाटलं पाव्हणं. माझे वडील नाहीत, पण आईला घेऊन आंबोलीला जायचं म्हणतोय. तिला माझ्या गाडीवर चढता येत नाही हे आता कळलं. तुम्ही बाजूला ठेवलेत ते जुने शॉकअप देणार का? उजवा चालू असेल तर रबर आणि कवरं माझ्या कामाला येतील.

नंदगडकर ३५०

शॉकअप न्या, उजवा अजून बरा आहे, पैसे नकोत. कवरं मात्र देता येणार नाहीत. आप्पा ती दर रविवारी ब्रासोनं घासायचे, पलटणीतला पट्टा घासावा तशी. परवा मी ती अडगळीत टाकायला निघालो तर त्यांनी मागून घेतली, पुसली आणि जुन्या ट्रंकेत पेपरात गुंडाळून ठेवली. तुमच्या आईंसाठी १२ मिमीवाली जोडी बघा, दुकानदाराकडं तशी अजून एक होती. माप मी वहीत लिहिलंय, फोटो पाठवतो.

मिस्त्री, नट उद्या बघतो. पुढची फेरी २० तारखेला आहे.